सूज उतरली होती, गुडघा बरा झाला नव्हता : एका महाविद्यालयीन कबड्डीपटूची दुखापत

निदानरेषा

हा धागा मी माझ्या धाकट्या भावाची परवानगी घेऊन काढत आहे. तो बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला असताना महाविद्यालयाच्या कबड्डी संघात चढाईपटू होता. गेल्या आठवड्यात त्याच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला चौदा महिने झाले. तपासणी आटोपल्यावर डॉक्टरांनी त्याला शांतपणे सांगितले की चालणे, पोहणे, सायकल, जिना या सगळ्याला हा गुडघा साथ देईल, परंतु कबड्डी आता बंद. तो बावीस वर्षांचा आहे. घरी येताना बसमध्ये तो एक शब्दही बोलला नाही. रात्री मात्र मला म्हणाला, "ताई, लिहायचे असेल तर लिही, पण पहिल्या दिवसापासून लिही. शेवटच्या सामन्यापासून नको."

पहिला दिवस सप्टेंबरमधला, सरावाचा. समोर सहा बचावपटू होते, म्हणून त्याने बोनस गुणासाठी उजवा पाय बोनस रेषेपलीकडे टाकला आणि डावा उचलला. सगळा भार एका पायावर असताना कोपऱ्यातला खेळाडू झेपावताना दिसला आणि त्याने अंग मध्यरेषेकडे वळवले. अंग वळले, पाऊल मात्र मॅटवर जिथल्या तिथे राहिले. त्याला कोणाचाही हात लागलेला नव्हता. गुडघ्याच्या आत 'कट्' असा आवाज झाला आणि तो शेजारी उभ्या असलेल्या दोघांनाही ऐकू आला. पाच मिनिटांनी तो उठला, लंगडत बाहेर बसला आणि लोकलने परळला घरी आला. रात्री आठपर्यंत गुडघा इतका सुजला की ट्रॅकपँट निघेना. शेवटी आईने कात्री घेऊन तिची शिवण उसवली.

दुसऱ्या दिवशी जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे, मुरगळले आहे, असे सांगून क्रेप बँडेज, वेदनाशामक गोळ्या आणि दहा दिवसांची विश्रांती मिळाली. गुडघा हातात धरून, हलवून कोणी पाहिला नाही. हाड मोडले नाही एवढ्यानेच आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. मी स्वतः तीन आठवडे रोज रात्री कोमट तेलाने त्याचा गुडघा चोळला. तिसऱ्या आठवड्यात सूज उतरली, चौथ्यात तो सरळ चालू लागला, पाचव्यात मैदानाला फेऱ्या मारू लागला. दुखणे असे काहीच उरले नव्हते. फक्त दोनदा चाळीचा जिना उतरताना गुडघा सटकल्यासारखा झाला. हे त्याने एकट्या मला सांगितले होते. मी म्हटले, "अशक्तपणा असेल, होईल ठीक." त्या वाक्याची मला आजही झोपेत आठवण होते.

आठव्या आठवड्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा उपांत्यपूर्व सामना होता. सरांनी विचारले, "गुडघा कसा आहे?" तो म्हणाला, "एकदम बरा आहे, सर." मी तो सामना पाहायला गेले होते. उत्तरार्धात त्याने दोन गुण आणले, आणि पुढच्या चढाईत तसाच वळताना तो पुन्हा खाली पडला. या वेळी गुडघा अर्धवट वाकलेल्या अवस्थेत अडकून बसला. तो सरळही होईना आणि पुरता वाकेनाही. चौघांनी उचलून त्याला रिक्षापर्यंत नेले.

एमआरआयमध्ये दिसले ते असे : गुडघ्याच्या आतले पुढचे लिगामेंट, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, पूर्ण तुटलेले, आतल्या बाजूची गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटून सांध्यात दुमडलेली, आणि हाडावरच्या कूर्चेलाही इजा. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितले की लिगामेंट बहुधा सप्टेंबरमध्येच तुटले असावे, गादी मात्र नोव्हेंबरच्या सामन्यात फाटली. लिगामेंट नवे बसवता आले. गादीचा मोठा भाग काढून टाकावा लागला, आणि आज खेळ बंद होण्याचे मुख्य कारण तो काढलेला भागच आहे.

म्हणून मला असे वाटते की माझ्या भावाचा खेळ त्या पहिल्या 'कट्' आवाजाने संपला नाही. तो मधल्या आठ आठवड्यांत संपला. त्या आठवड्यांत त्याच्या भोवती आम्ही घरचे होतो, डॉक्टर होते, सर होते, संघातली मुले होती. पण "थांब" हा शब्द उच्चारण्याचे काम आमच्यापैकी कोणाचेच नव्हते. ते कोणाचे असावे आणि कसे ठरवावे, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे. आणखी एक विचारायचे आहे. हल्ली तो मैदान चुकवून लांबच्या रस्त्याने घरी येतो. त्याला काय म्हणावे, हे आम्हाला कळत नाही.

सांधेजोड

ताई, मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. आपल्या भावाला मी तपासलेले नाही, त्यामुळे जे लिहितो ते सर्वसाधारण समजावे. आधी तेलाबद्दल बोलतो, कारण ते आपल्या मनात घर करून राहिलेले दिसते. ताज्या सुजेवर चोळू नये हे खरे, परंतु चोळल्याने लिगामेंट तुटत नाही आणि गादीही फाटत नाही.

एसीएल ही साधारण करंगळीएवढी दोरी मांडीच्या हाडाला नडगीच्या हाडाशी बांधून ठेवते. नडगी पुढे सरकू नये आणि पिळवटू नये, हे तिचे काम. सरळ रेषेत चालताना, अगदी सरळ धावतानाही, तिच्यावर फार ताण येत नाही. म्हणून ती तुटलेली असतानाही माणूस महिनाभराने झकास चालतो आणि स्वतःला बरा समजतो. तिची गरज भासते ती एका पायावर वळताना, उडीवरून उतरताना, अचानक थांबताना. कबड्डीत चढाई म्हणजे याशिवाय दुसरे काय असते? जिना उतरताना गुडघा 'सटकणे' हे अशक्तपणाचे नव्हे, तर दोरी नसल्याचे लक्षण आहे. दोरी नसताना वळण्याचा सगळा भार गादीवर येतो आणि एखाद्या दिवशी ती फाटते.

ओळखायचे कसे, तर आवाज झाला, खेळ तिथेच थांबवावा लागला आणि काही तासांतच गुडघा टम्म फुगला, की सांध्यात रक्त साचले असे धरून चालावे. अशा गुडघ्यात एसीएल तुटलेले निघण्याची शक्यता पुष्कळ असते. एक्स-रेमध्ये हाड दिसते, लिगामेंट दिसत नाही. त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल' या शब्दांचा अर्थ 'हाड मोडलेले नाही' एवढाच घ्यावा. गुडघा किंचित वाकवून, मांडी एका हाताने स्थिर धरून, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहायची लाखमन चाचणी मिनिटभराची आहे आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. पहिल्या दिवशी वेदनेमुळे स्नायू आवळलेले असतात आणि चाचणी फसू शकते. म्हणून आठ-दहा दिवसांनी तीच चाचणी पुन्हा करायची असते. आपल्याकडे रुग्ण त्या दुसऱ्या भेटीला येतच नाही, कारण तोपर्यंत सूज उतरू लागलेली असते.

पूर्ण तुटलेले एसीएल सहसा आपणहून सांधत नाही. ते सांध्यातल्या द्रवात असते, त्यामुळे बाहेरच्या जखमेसारखी रक्ताची गाठ धरून तुटलेली टोके जुळत नाहीत. म्हणून मांडीच्या मागच्या स्नायूची किंवा वाटीखालची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, काढून तिथे नवी दोरी बसवतात. ही दोरी पहिल्या दोन-तीन महिन्यांत मजबूत होण्याऐवजी आधी कमजोर होते, कारण शरीर तिला आतून नव्याने विणत असते. नेमक्या त्याच सुमारास रुग्णाला खूप बरे वाटू लागते. ऑस्लोमधील रुग्णांवर झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके लांबवले, तितके दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण 51 टक्क्यांनी घटले. जगभरचे अभ्यास एकत्र करून 2014 मध्ये जो आढावा घेतला गेला, त्यात शस्त्रक्रियेनंतर स्पर्धात्मक खेळात परतलेल्यांचे प्रमाण सुमारे 55 टक्के निघाले. म्हणजे सगळे वेळेवर झाले तरी परतीची हमी नसते. उशीर झाला की ती वाट आणखी अरुंद होते.

गादीचे म्हणाल, तर तिच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असतो. तिथे फाटली तर टाके घालून वाचवता येते. आतला भाग फाटला तर बहुतेक वेळा कापून काढावा लागतो. गादी गेलेल्या गुडघ्याने कबड्डी खेळत राहिल्यास चाळिशीच्या आतच सांध्याची झीज सुरू होण्याचा धोका असतो. आपल्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला मला योग्य वाटतो.

हिरवळ

खचून जाऊ नका. विनेश फोगट हिचा गुडघा 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये दुखावला, तिला स्ट्रेचरवरून न्यावे लागले, आणि 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकले. जिम्नॅस्ट दीपा कर्माकर हिनेही 2017 मध्ये एसीएलची शस्त्रक्रिया झाल्यावर पुढच्याच वर्षी तुर्कस्तानातल्या विश्वचषक मालिकेत सुवर्ण मिळवले. जिद्द असेल तर परतता येते.

निदानरेषा

हिरवळ, आपल्या भावना पोहोचल्या. ही दोन्ही नावे आम्हाला गेल्या वर्षभरात पुष्कळांनी सांगितली आहेत. त्या दोघींबद्दल त्याला अतिशय आदर आहे. विनेशच्या सुवर्णपदकाच्या कुस्तीची चित्रफीत त्याच्या फोनमध्ये होती. परंतु प्रत्येक वेळी हे ऐकल्यावर त्याला असे वाटते की आपली जिद्दच कमी पडली. त्याने चौदा महिने एकही दिवस व्यायाम चुकवला नाही. जी गादी शरीरातून काढून टाकली आहे ती जिद्दीने परत येत नाही, हे त्याला कोणीतरी स्पष्टपणे म्हणावे असे मला वाटते, आणि डॉक्टरसाहेबांनी ते म्हटले याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

हुतुतू

मी लालबागचा. वय एकसष्ट. मातीवर खेळलो, मॅटवर कधी नाही. ताईंचा प्रश्न 'थांब कोणी म्हणायचे' असा आहे, आणि मला या विषयात एकच गोष्ट खात्रीने सांगता येते : ते खेळाडूला विचारू नये.

आमच्या काळी गिरणगावातल्या मुलाला कबड्डीने नोकरी मिळत असे. रेल्वे, बँका, पोर्ट ट्रस्ट, पोलीस यांचे संघ होते आणि व्यावसायिक गटातल्या स्पर्धा पाहायला माणसे कामावरून सुटून थेट मैदानात येत. 1982 च्या संपानंतर तर कित्येक घरांत बापाची गिरणी बंद आणि मुलाचा खेळ हीच आशा, अशी स्थिती होती. माझ्या निवडचाचणीच्या आधी दहा दिवस माझा गुडघा असाच सटकत होता. मी तो हाफपँटखाली कापडी पट्ट्याने आवळून बांधला आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला "काही नाही" म्हणून सांगितले. माझे नशीब बरे, म्हणून त्या दिवशी निभावले. नोकरी लागली. पुढे चारच हंगाम खेळलो. गुडघ्याची खरी अवस्था मला पन्नाशीत कळली.

आजच्या मुलाचेही तेच आहे. विद्यापीठ संघात निवड झाली तर प्रमाणपत्र मिळते, पुढे राज्य पातळी गाठली तर सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणाची आशा असते, आणि 2014 पासून प्रो कबड्डी आल्यावर तर प्रत्येक चढाईपटूच्या डोळ्यांसमोर लिलाव दिसतो. अशा मुलाला सामन्याच्या सकाळी "गुडघा कसा आहे" हे विचारणे म्हणजे त्याला एकच उत्तर द्यायला भाग पाडणे. तो खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. त्याला खरोखरच बरे वाटत होते, आणि बरे वाटणे त्याच्या गरजेचेही होते.

शिट्टी

मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात क्रीडाशिक्षक आहे. ताईंनी सरांवर कुठेही आरोप केलेला नाही हे मला जाणवले, तरी मनात आले ते लिहितो. जिमखान्यात आम्ही एकटे असतो आणि वर्षभरात कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत वीसेक संघ उतरवायचे असतात. सामन्याला जाताना माझ्याकडे प्रथमोपचाराची पेटी, थंड स्प्रे आणि खेळाडूंची ओळखपत्रे एवढेच असते. फिजिओ नेमण्याइतका पैसा बहुतेक महाविद्यालयांकडे नसतो. त्या दिवशी मी सरांच्या जागी असतो तर मीही त्याला खेळवले असते, हे कबूल केलेच पाहिजे.

हुतुतूकाकांचे म्हणणे मात्र मी स्वीकारतो. मागच्या वर्षी माझ्या व्हॉलीबॉल संघातल्या मुलीच्या बाबतीत थोड्याफार फरकाने हेच घडले, आणि तेव्हापासून मी एक नियम पाळतो. गुडघ्याला सूज येऊन गेलेला खेळाडू डॉक्टरांच्या किंवा फिजिओच्या लेखी परवानगीशिवाय सरावाला उभा राहत नाही. आणि त्या कागदावर 'विश्रांती पुरे' असे असून चालत नाही, तर गुडघ्याचा सैलपणा हाताने तपासला असल्याचे लिहिलेले असावे लागते. परवानगी आल्यावरही मी त्याला आधी चांगल्या पायावर आणि मग दुखऱ्या पायावर एकपायी उडी मारायला लावतो आणि दोन्ही अंतरे टेपने मोजतो. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या 90 टक्क्यांपेक्षा कमी भरली तर सराव नाही. या मोजण्याने लिगामेंट कळत नाही, हे मी जाणतो. परंतु फरक डोळ्यांना दिसला की खेळाडूचा "बरा आहे" हा आग्रह आपोआप मावळतो, हा माझा अनुभव आहे.

चाफा

माझी मुलगी फुटबॉल खेळते. मुलींमध्ये एसीएल तुटण्याचे प्रमाण त्याच खेळातल्या मुलांपेक्षा बरेच जास्त असते हे तिच्या प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी पालकांना सांगितले आणि फिफाने तयार केलेला '11+' हा वीसेक मिनिटांचा सराव सुरू केला. त्यात उडीवरून उतरताना गुडघा आत झुकू न देणे आणि एका पायावर तोल सांभाळणे यांवर भर असतो. कबड्डीच्या मुलांनाही उडीवरून उतरण्याचे व वळण्याचे असे शिक्षण मिळते का?

शिट्टी

चाफाताई, बहुतेक ठिकाणी मिळत नाही. धावणे, बैठका, जोर आणि मग थेट डाव. मी यंदापासून सुरू करीन.

गुलमोहर

ताईंचा शेवटचा प्रश्न बाकीच्या चर्चेत मागे पडला, म्हणून लिहिते. मी खो-खो खेळत असे. एकोणिसाव्या वर्षी खांब मारताना माझा गुडघा गेला. त्याला आता नऊ वर्षे झाली.

शस्त्रक्रियेनंतर सगळ्यांचे लक्ष गुडघ्याकडे असते. आमच्या चाळीत सामायिक संडास होता, त्यामुळे वडिलांनी कमोडची खुर्ची आणली होती आणि आई ती रोज पहाटे, बायकांची वर्दळ सुरू होण्याआधी, तिथे नेऊन ठेवत असे. त्या वेळी खेळाचा विचार मनात येत नव्हता. तो आला आठ-नऊ महिन्यांनी, मी नीट चालू लागल्यावर. रोज संध्याकाळी पाच वाजले की अंग आपोआप तयार व्हायचे : तळपाय शिवशिवायचे, तहान लागायची, आणि जायला कुठेच जागा नसायची. घरचे म्हणत, "आता बरी झालीस ना, मग तोंड का पाडून बसतेस?" त्यांचे बोलणे प्रेमाचेच असे, पण त्याने मी आणखी एकटी पडत असे.

तो लांबच्या रस्त्याने येत असेल तर येऊ द्या. मी दोन वर्षे मैदानाच्या बाजूच्या खिडकीत बसले नाही. त्याला आताच पंचपरीक्षा दे, लहान मुलांना शिकव, असे सुचवू नका. त्या गोष्टी चांगल्या आहेत, पण त्या त्याला स्वतःला सुचल्या पाहिजेत. पाच वाजता त्याच्याबरोबर घराबाहेर पडा आणि मैदान नसलेल्या दिशेला चालायला जा, एवढेच सध्या पुरेसे होईल. माझी थोरली बहीण मला शिवडीच्या खाडीकडे घेऊन जायची. आम्ही फारसे बोलत नसू.

सांधेजोड

गुलमोहर यांनी लिहिले ते मी माझ्या रुग्णांच्या नातेवाइकांना वाचून दाखवीन, त्यांची हरकत नसेल तर. त्या चालण्याला वैद्यकीय बाजूही आहे. मांडीचा पुढचा स्नायू दुखापतीनंतर झपाट्याने बारीक होतो आणि वर्षानंतरही पुरता भरत नाही. खेळ बंद झाला म्हणून व्यायाम बंद होता कामा नये, कारण यापुढे त्या गुडघ्याचा खरा आधार तो स्नायूच आहे.

गुलमोहर

माझी काहीच हरकत नाही, डॉक्टर. जरूर वाचून दाखवा.

निदानरेषा

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. तीन दिवस उत्तर दिले नाही, कारण हा संपूर्ण धागा मी त्याला वाचायला दिला होता. हुतुतूकाकांचा कापडी पट्टा त्याने दोनदा वाचला. शिट्टी सर, आमच्या सरांबद्दल आम्हा कोणाच्याही मनात राग नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी ते सकाळी सातपासून रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसून होते.

आम्ही दोघे कालपासून पाच वाजता चालायला जातो. काल परतल्यावर मी महाविद्यालयाला द्यायच्या अर्जाचा मसुदा लिहायला घेतला. शिट्टी सरांचा लेखी परवानगीचा नियम, आठ-दहा दिवसांनी दुसरी तपासणी, आणि चाफाताईंनी सांगितलेला सराव, असे तीन मुद्दे त्यात घातले. चौथा मुद्दा मी असा लिहिला होता : 'गुडघा दुखत असल्यास खेळाडूने तत्काळ जिमखान्यात कळवावे.' त्याने माझ्या हातातून पेन घेतले, ते वाक्य खोडले आणि त्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिले : 'गुडघ्याला एकदा सूज येऊन गेली असल्यास, तो आता दुखत नसला तरी, खेळाडूने, घरच्यांनी किंवा संघातल्या कोणीही कळवावे.'

सांधेजोड डॉक्टर, या वाक्यात 'जिना उतरताना सटकत असल्यास' हेही जोडावे का? अर्ज सोमवारी द्यायचा आहे.